पाय थकले की नाचणारे काय करतात? नुरेयेवची गोष्ट, आजीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून

नवरात्र संपल्यानंतरची सकाळ. नऊ रात्री गरबा खेळून माझे गुडघे असे सुजले होते की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना मी कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि आजी खाली झोपाळ्यावर बसून मजा बघत होती. शेजारी भाची मोबाईलवर बॅलेचे व्हिडिओ बघत बसलेली. ती आपल्या सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात (आता परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणायचं, पण घरात कोणी म्हणत नाही) भरतनाट्यम शिकते, पण सध्या तिला बॅलेचं वेड लागलंय. आजीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मोबाईलमधल्या त्या हवेत तरंगणाऱ्या माणसाकडे, आणि विचारलं, "काय गं, या लोकांचे पाय थकले की मग काय करतात हे?"

"डिरेक्टर होतात, पणजी," भाची म्हणाली.

"म्हणजे नेमकं काय करतात?"

आम्ही दोघी गप्प. मग मी महिनाभर जमेल तसं वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि आजीला तुकड्या तुकड्यात सांगत गेले, तेच इथे लिहितेय. उदाहरण एकाच माणसाचं घेतलंय, रशियन बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेवचं, कारण त्याच्या गोष्टीत सगळंच आहे, आणि शेवटी ती गोष्ट फिरून आपल्या बडोद्याच्या बऱ्यापैकी जवळ येते.

आधी एक घोळ सोडवते. आपल्याकडे कुठल्याही नृत्यनाटिकेला लोक बॅले म्हणून मोकळे होतात. ग्वाल्हेरला कित्येक वर्षं असलेला तो लिटिल बॅले ट्रुप आठवतोय का, शांती बर्धन यांनी १९५२मध्ये मुंबईत सुरू केलेला, त्यातलं रामायण म्हणजे माणसांनी कठपुतळ्यांसारखं नाचायचं, त्याचा पॅरिसच्या बॅलेशी नावापुरताच संबंध. १९५४मध्ये शांती बर्धन गेले आणि त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी ट्रुप पुढे चालवला, म्हणजे नाचणाऱ्या बाईने कंपनी चालवायला घेतली हे आपल्याकडेही झालेलं आहे. पण इथे बॅले म्हणजे युरोपातलं शास्त्रीय नृत्य, ज्यात बायका बुटाच्या टोकावर उभ्या राहतात ते.

आता पाय का थकतात ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. भाचीने आम्हाला अंगणात उभं राहून दाखवलं. भरतनाट्यममधली अरईमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं खाली बसायचं, आणि बॅलेतला प्लिए, दोन्ही दिसायला चुलत बहिणी. दोन्हीत मांडी खुब्यापासून बाहेर फिरवायची असते. फरक पुढे सुरू होतो. भरतनाट्यमवाली खाली बसून जमिनीवर पाय आपटते, जमीन तिची मैत्रीण. बॅलेवाल्याला जमीन सोडायची असते, तो खाली बसतो तोच उडण्यासाठी, आणि उडल्यावर आवाज न करता उतरायचं, म्हणजे सगळा धक्का घोटा, गुडघा आणि कंबर यांनी गिळायचा. हे आठ-दहा वर्षांच्या वयापासून रोज. शिवाय आपल्याकडे अभिनय आहे. साठीची बाई एका जागी बसून नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी पद करू शकते आणि लोक रडतात. बॅलेत ती सोय फार कमी. उडी गेली की मुख्य भूमिका गेली. म्हणून पस्तिशीनंतर शरीर कुरकुरायला लागतं आणि चाळिशीच्या आसपास दुकान बंद.

पॅरिस ऑपेरात (नाव ऑपेराचं, पण तिची स्वतःची बॅले कंपनीही आहे) तर हे नियमातच बसवलंय. तिथे नर्तक ४२व्या वर्षी रिटायर होतो, पेन्शनसकट! ही पेन्शन चौदाव्या लुईच्या काळातली, १६९८पासूनची. २०१९च्या डिसेंबरमध्ये सरकारने पेन्शनचे नियम बदलायचं काढलं तेव्हा तिथल्या मुली कडाक्याच्या थंडीत ऑपेराच्या बाहेर पायऱ्यांसमोर आल्या आणि संपाचा भाग म्हणून तिथेच स्वान लेक हा बॅले नाचल्या. आजीला हे फार आवडलं. संप करायचा तर असा, म्हणाली.

तर रुडॉल्फ. जन्म १७ मार्च १९३८, चालत्या ट्रेनमध्ये. सैन्यातल्या नवऱ्याकडे निघालेली आई मुलींना घेऊन सैबेरियाच्या लांबलचक रेल्वेने जात होती आणि इर्कुत्स्कच्या आसपास हा जन्मला. कुटुंब तातार मुसलमान, बाप रेड आर्मीतला राजकीय अधिकारी, घरात गरिबी. युद्धाच्या काळात उफा नावाच्या गावी राहत असताना आईने एकाच तिकिटावर सगळ्या पोरांना थिएटरात घुसवलं आणि याने पहिल्यांदा बॅले बघितला. मग ठरलंच, आपण हेच करायचं. बापाला अर्थात पसंत नव्हतं, मुलाने इंजिनीअर नाहीतर डॉक्टर व्हावं असं त्याला वाटायचं (हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटायला हरकत नाही).

बॅलेच्या हिशेबाने त्याला फार उशीर झालेला. लेनिनग्राडच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या) नामांकित बॅले शाळेत तो १९५५मध्ये पोचला तेव्हा १७ वर्षांचा होता, बरोबरची पोरं लहानपणापासून तिथेच घडलेली. अलेक्झांडर पुश्किन नावाच्या शिक्षकांनी (कवी पुश्किन वेगळा, भाचीने लगेच विचारलं म्हणून सांगते) त्याला हाताखाली घेतलं आणि तीन वर्षांत तो तिथल्या किरोव बॅले कंपनीत थेट मोठ्या भूमिका करायला लागला. उशिरा सुरू केल्याची ती भूक मात्र त्याची कधी गेली नाही. रोज नाचायचं, आजारी असलं तरी नाचायचं. ही भूक लक्षात ठेवा, पुढे डिरेक्टर झाल्यावर तीच त्याच्या कामी आली आणि तीच नडली.

१९६१मध्ये किरोव कंपनी पॅरिसला गेली. तिथे पॅरिस ऑपेराच्या गार्निए थिएटरात तो ज्या बॅलेत पहिल्यांदा उतरला त्याचं नाव ला बायादेर. हेही लक्षात ठेवा. पॅरिस वेडं झालं. पण हा रात्री-बेरात्री फ्रेंच मित्रमैत्रिणींबरोबर फिरतो म्हणून रशियन गुप्त पोलिसांच्या डोळ्यांवर आला, आणि १६ जूनला ल बुर्जे विमानतळावर बाकीची कंपनी लंडनला निघालेली असताना याला सांगण्यात आलं की तू मॉस्कोला चल, क्रेमलिनमध्ये नाचायचंय. तो समजला, एकदा परत गेलो की संपलं. एका मैत्रिणीने फ्रेंच पोलिसांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांच्याकडे तो स्वतःहून गेला आणि मला इथेच राहायचंय म्हणाला. २३ वर्षांचं वय, हातात पैसे नाहीत, आई तिकडे. त्या आईला भेटायला त्याला थेट १९८७मध्ये परवानगी मिळाली, तीही ४८ तासांची, आणि तेव्हा ती इतकी आजारी होती की भेट कसली म्हणायची.

मधली वीस वर्षं भराभर सांगते कारण ती सगळीकडे लिहिलेली सापडतात. लंडनला मार्गो फॉन्टेन नावाची मोठी नर्तकी, वय ४२, आता निवृत्त व्हावं अशा विचारात होती, तिच्याबरोबर १९६२मध्ये हा पहिल्यांदा जिझेल हा बॅले नाचला आणि ती पुढे कित्येक वर्षं थांबलीच नाही. हा जगभर नाचला, पैसे कमावले, घरं घेतली, गालिचे जमवले. आणि १९८३मध्ये, पंचेचाळिशीत, पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीचा डिरेक्टर झाला. आता आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर सुरू.

बॅले कंपनी म्हणजे चार हौशी लोकांचा ग्रुप नाही. पॅरिसच्या कंपनीत दीडशेच्या आसपास पगारी नर्तक, आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या, एखाद्या बँकेसारख्या. सगळ्यात खाली काद्रिय, मग कोरिफे, मग स्युजे, मग प्रिमिए दांसर, आणि सगळ्यात वर एत्वाल, म्हणजे तारा. खालून वर जायला परंपरेने अंतर्गत परीक्षा, ज्युरी समोर बसणार, एक नाच सगळ्यांना तोच आणि एक आपल्या पसंतीचा. किती पोरं पंचवीस वर्षं घोळक्यातला हंस म्हणूनच नाचून रिटायर होतात! पण एत्वाल व्हायला परीक्षा नाही. ते डिरेक्टर सुचवणार आणि बहुतेक वेळा प्रयोग संपल्यावर, पडद्याआधी, सगळ्यांसमोर स्टेजवर जाहीर करणार. ज्याचं नाव होतं तो तिथेच घामाने निथळत रडतो, व्हिडिओ बघा, मीही रडले.

तर डिरेक्टरचं पहिलं काम हे, कोण नाचणार ते ठरवणं. आज राजकन्या कोण, उद्या कोण, कोणाला संधी, कोणाला थांब अजून. सोपं वाटतं, पण एका हो मागे दहा नाही असतात आणि ती दहा माणसं रोज सकाळी त्याच हॉलमध्ये दांड्याला धरून सराव करत असतात, त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा असतो. दुसरं काम, काय नाचायचं ते ठरवणं, जुनं किती आणि नवं किती. नुसतं जुनं केलं तर म्युझियम होतं, नुसतं नवं केलं तर तिकीट खिडकी रिकामी. मग तालमी घेणारे मास्तर निवडायचे, दौरे, बजेट, युनियन, दुखावलेले गुडघे, दुखावलेले अहंकार. आपल्याकडे देवळाच्या ट्रस्टीला उत्सवाच्या वेळी जेवढी डोकेदुखी असते तेवढी यांना बारा महिने.

नुरेयेवने पहिलं काम असं केलं की जुन्या लोकांची झोप उडाली. त्याने वयाची आणि पायरीची रांग मोडली. सिल्व्ही गिलेम नावाची मुलगी, १९ वर्षांची, १९८४च्या डिसेंबरमध्ये आधी प्रिमिए दांसोझ (प्रिमिए दांसरचीच पायरी, बाईसाठी) झाली आणि त्याच आठवड्यात स्वान लेक संपल्यावर याने तिला स्टेजवरच एत्वाल करून टाकलं. लोकांना ज्या पायरीवर वर्षंच्या वर्षं काढावी लागतात तिथे ही पाच दिवस होती! १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या दौऱ्यात मान्युएल लग्री, वय २१, याला तर मधली पायरीच गाळून थेट एत्वाल केलं. आपली माणसं डावलली गेली म्हणून किती जणांनी दात खाल्ले असतील ते कल्पनेनेच कळतं. पण त्याचा डोळा चुकला नाही. गिलेम तिच्या पिढीतली सगळ्यात मोठी नर्तकी ठरली, लग्री पुढे व्हिएन्नाच्या आणि मग मिलानच्या ला स्कालाच्या बॅलेचा डिरेक्टर झाला. त्याच्या हाताखालचा शार्ल ज्युद बोर्दोचा डिरेक्टर झाला, लोरां इलेर मॉस्कोत आणि मग म्युनिकमध्ये. म्हणजे डिरेक्टरांचीच नर्सरी निघाली तिथे.

नवं काय नाचायचं यातही त्याची नजर होती. विल्यम फोर्साइथ नावाच्या अमेरिकन नृत्यकाराला बोलावून १९८७मध्ये एक असा बॅले करवून घेतला की संगीत म्हणजे लोखंडी खणखणाट, स्टेजवर सेट काहीच नाही, वर मधोमध दोन सोनेरी चेरी टांगलेल्या आणि खाली गिलेम आणि कंपनी तलवारीसारखे पाय फेकतायत. शास्त्रीयच तंत्र, पण मोडण्याच्या टोकापर्यंत ताणलेलं. तो बॅले आज जगभर नाचला जातो. स्वतः रशियन जुन्या परंपरेत वाढलेल्या माणसाने हे घडवून आणावं याचं मला जास्त कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे परंपरेत वाढलेले बहुतेक जण खुर्चीवर बसले की पहिलं नव्याचं दार बंद करतात (हे मी कोणाला उद्देशून म्हणत नाहीये, म्हणजे म्हणतेय, पण नाव नाही घेणार).

आता नडलं कुठे ते. तो नाचायचा थांबला नाही. डिरेक्टर पंचेचाळीस वर्षांचा, उडी कमी झालेली, पण पोस्टरवर नाव पाहिजेच. स्वतःच कास्ट ठरवणार आणि स्वतःलाच घालणार, यावर पॅरिसच्या पेपरांतून आणि थिएटरातून शिट्ट्या बसल्या. मग त्याने एक चलाखी केली, मला ती फार माणसासारखी वाटते. जुने बॅले त्याने नव्याने बसवले तेव्हा त्यात वयस्क माणसाच्या भूमिका वाढवल्या. त्याच्या स्वान लेकमध्ये राजपुत्राचा शिक्षक आणि दुष्ट जादूगार एकच माणूस आहे, आणि तो तो स्वतः नाचायचा. १९८६मध्ये सिंड्रेला त्याने हॉलिवूडमध्ये नेऊन ठेवली, परीच्या जागी सिगार ओढणारा सिनेमाचा निर्माता, आणि निर्माता कोण, तर हाच. गरीब पोरीला उचलून स्टार करणारा. सिंड्रेला होती गिलेम. आजी म्हणाली, स्वतःचीच गोष्ट लिहिली की त्याने. बरोबर आहे तिचं.

आपल्याकडे जुन्या काळी ही दोन कामं वेगळी होती. नाचणारी बाई वेगळी आणि हातात टाळ घेऊन तिला नाचवणारा नट्टुवनार वेगळा, बहुधा तिच्याच घराण्यातला पुरुष. कोणाचा पाय कुठे पडावा हे ठरवणाऱ्याला स्वतःचा पाय पुढे टाकायचा मोह नव्हता. युरोपात नर्तकच डिरेक्टर होतो आणि मोह घेऊनच खुर्चीवर येतो. काही जणांना ते जमतं. तमारा रोहो लंडनला इंग्लिश नॅशनल बॅलेची डिरेक्टर झाल्यावरही बरीच वर्षं नाचली, क्युबाच्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा कार्लोस अकोस्टा आधी बॅलेतल्या मोठ्या भूमिका सोडून मग २०२०मध्ये बर्मिंगहॅमच्या कंपनीवर आला. नुरेयेवला कोणी तसं सुचवलं असतं तर त्याने हातातला थर्मास फेकून मारला असता. वस्तू फेकायची त्याची ख्याती होती, शिव्या तर विचारू नका, एका शिक्षकाला मारल्याचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तो मोठा कलावंत होता म्हणून हे चालवून घ्यावं असं मला वाटत नाही. तालमीच्या हॉलमधली पोरं घाबरून चांगली नाचतात हा समज आपल्याकडेही बराच आहे आणि तो खोटा आहे.

या सगळ्याच्या मागे एक गोष्ट होती जी तेव्हा फार थोड्यांना माहीत होती. १९८४मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. तेव्हा औषध जवळजवळ नव्हतंच. म्हणजे डिरेक्टर म्हणून केलेलं बहुतेक सगळं काम त्याने हे माहीत असताना केलं. घाई का होती, पायऱ्या गाळून पोरांना वर का ढकलत होता, स्वतः स्टेज का सोडत नव्हता, हे मला ही तारीख वाचल्यावर जरा वेगळं दिसायला लागलं.

१९८९मध्ये ऑपेराच्या नव्या साहेबांशी कराराची बोलणी फिसकटली. हा वर्षातले बरेच महिने बाहेर, त्या वर्षी तर अमेरिकेत एका म्युझिकलच्या दौऱ्यावर, आणि त्यांना डिरेक्टर पॅरिसमध्ये हवा. गेला सोडून. गिलेमही त्याच वर्षी लंडनला गेली, तिला हवं तिथे पाहुणी म्हणून नाचायचं होतं आणि कंपनी सोडेना.

पण खुर्ची गेल्यावरचं त्याचं शेवटचं काम हेच सगळ्यात मोठं, आणि इथे बडोदा येतं. ला बायादेर. बायादेर हा शब्द पोर्तुगीज बैलादैरा वरून, म्हणजे नाचणारी बाई, आणि युरोपात तो आपल्या देवदासींसाठी वापरायचे. १८३८मध्ये तामिळ मुलखातल्या तिरुवेंदिपुरम गावच्या देवदासी खरोखर पॅरिसला जाऊन नाचल्या होत्या, त्यातली अम्मणी तर तिथे इतकी गाजली की तिचा ब्राँझचा छोटा पुतळा झाला. पुढे १८७७मध्ये पीटर्सबर्गला पेतिपा नावाच्या नृत्यकाराने हा बॅले बसवला. त्यात निकिया नावाची देवदासी, सोलोर नावाचा योद्धा, राजाची मुलगी, फुलांच्या टोपलीतला साप, सगळा मसाला. आणि मला गंमत वाटते ती ही, की त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८०मध्ये, सयाजीराव महाराजांचं तंजावरच्या राजघराण्यातल्या मुलीशी लग्न झालं (पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब, तंजावर म्हणजे आपल्या भोसल्यांचंच की) आणि त्यांच्याबरोबर खऱ्या तंजावरी नर्तकी, नट्टुवनार, वादक असा सगळा ताफा बडोद्याला आला. दरबारच्या कलावंत कारखान्यात त्यांना पगारी नोकरी मिळाली. तिकडे पीटर्सबर्गला पांढऱ्या झग्यातली खोटी देवदासी, इकडे आपल्या राजवाड्यात खरी. भाची जे शिकते त्याची मुळं इथल्या मातीत तेव्हाची आहेत.

तर १९९२. नुरेयेवला आता नीट उभंही राहवत नव्हतं, तालमी त्याने कोचावर पडून घेतल्या. तीस वर्षांपूर्वी ज्या गार्निएमध्ये याच बॅलेत पॅरिसने त्याला पहिल्यांदा बघितलं, तिथेच ८ ऑक्टोबरला त्याने पूर्ण ला बायादेर उभा केला. सोलोर नाचला इलेर, निकिया इझाबेल गेरां, दोघं त्याच्याच हाताखाली एत्वाल झालेले. प्रयोग संपल्यावर दोन बाजूंनी धरून त्याला स्टेजवर आणलं, तेव्हाचा व्हिडिओ आहे. लाल शाल, बारीक झालेला चेहरा, आणि ऐटीत उंचावलेली हनुवटी. या वेळी पोस्टरवर नाचणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. ६ जानेवारी १९९३ला गेला, ५४ वर्षांचा. पॅरिसजवळ त्याची कबर आहे, तिच्यावर गालिचा पसरलाय असं वाटतं पण तो छोट्या तुकड्यांचा मोझेक आहे, झालरीच्या घड्यांसकट.

आजीला हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही त्या बॅलेतला सावल्यांचा प्रवेश मोठ्या टीव्हीवर लावला. निकिया मेलीय, सोलोर अफूच्या नशेत आहे, आणि उतारावरून पांढऱ्या कपड्यातल्या ३२ मुली एकामागून एक येतात. प्रत्येक जण तेच करते, एक पाय मागे उंच, पुढे झुकायचं, सरळ व्हायचं, दोन पावलं, परत तेच. मागून नवी येते तसतशी पुढची पुढे सरकते.

आजी चष्मा लावून बराच वेळ बघत होती. आधी तिने विचारलं की देवळातल्या बायका म्हणतेस तर एकीच्याही पायात चाळ कशी नाही. भाची म्हणाली, पणजी, त्यांना आवाज होऊच द्यायचा नसतो. बरं म्हणाली. मग अजून थोडं बघितलं आणि टीव्हीकडे बोट केलं.

"ती सगळ्यात पुढची पोर बघ. मागच्या आता येतायत, ती मघापासून तेच करतेय. सगळ्यात जास्त वेळा तिलाच करावं लागतंय." आणि माझ्या गुडघ्याकडे एक नजर टाकून, "तिची पेन्शन आधी सुरू करा म्हणावं."